खारबांध, आराखडा आणि निवारा
(मीरा-भाईंदरच्या भूमीचा एक ऐतिहासिक आढावा)

आपल्या भागाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखक बहुधा किल्ल्यांपासून आरंभ करतात. घोडबंदरचा किल्ला, १७३७ ची साष्टीची मोहीम, १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला आणि त्यानंतर पडलेली वसई, हा सर्व वृत्तांत आपल्या मुलांना शाळेत थोडाबहुत ऐकावयास मिळतो. तो अभिमानास्पद आहे यांत शंका नाही. परंतु ज्या जमिनीसाठी पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज एकमेकांशी झुंजले, ती जमीन समुद्राच्या तोंडातून काढली कोणी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. राजवटी आल्या आणि गेल्या. बांधावर माती टाकणारा मात्र तोच राहिला. आज त्याच जमिनीवर विकास आराखड्याच्या रंगीत रेषा ओढल्या जात आहेत. कोठे वसाहत, कोठे कारखाना, कोठे उद्यान आणि कोठे काहीच नाही, हे त्या रेषा ठरवितात. अशा वेळी आपल्या ज्ञातीच्या या स्मरणिकेत जमिनीचा आणि घराचा इतिहास थोडक्यात मांडणे अगत्याचे वाटते.

खार आणि बांध

साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर आपली गावे वसली आहेत. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मध्ये भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजणे. या खाजणांना बांध घालून, बांधास उघाडी ठेवून, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, ही विद्या आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नवी खार लगेच पिकत नाही. कित्येक पावसाळे जमिनीतील मीठ धुऊन जावे लागते, तेव्हा कोठे काळा राता, भुरा राता असली खारटपणा सोसणारी भातजात तग धरते. जेथे भात येणार नाही तेथे मीठागर. ‘आगर’ या शब्दावरून आपल्या ज्ञातीचे नाव पडले असे बहुतेक जाणकार मानतात. त्यावरून एवढे खचित की, भात आणि मीठ या दोन पिकांवर आपला संसार उभा होता.

बांधाचे काम एकट्याचे नव्हे. उधाणाने बांधाला खांड पडली तर ते पाणी कोणाच्या शेतात प्रथम शिरले हे पाहत बसण्यास वेळ नसतो. घरटी माणूस निघे आणि सारे मिळून खांड बुजवीत. पेण-अलिबागकडील आपले बांधव या सामुदायिक रीतीस ‘जोळ’ म्हणत. शेत ज्याचे त्याचे. परंतु बांध सर्वांचा. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी हे एक तत्त्व ध्यानात ठेवावे.

१८७० चा पट्टा

इंग्रजी अमलात या भूमीवर एक निराळाच हक्क निर्माण झाला. १८७० साली सरकारने भाईंदर, मीरा आणि घोडबंदर या गावांतील जमिनीसंबंधी रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या मुदतीचा पट्टा करून दिला. त्यामागील हेतू असा की, पट्टेदाराने खाऱ्या पाण्यास अटकाव करणारे बांध राखावेत आणि त्याबद्दल कसणाऱ्यांच्या पिकातील हिस्सा घ्यावा. हे हक्क पुढे हस्तांतरित होत होत एका खाजगी कंपनीकडे गेले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली साष्टीतील इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा झाला. तथापि जमिनीची मालकी कोणाची, पट्टेदाराची की कसणाऱ्याची की सरकारची, हा वाद कागदोपत्री मिटला नाही. एकविसाव्या शतकातही तो महसुली कचेऱ्यांत आणि न्यायालयांत चालूच राहिला. आपल्या शहरात घर बांधणाऱ्यास जमिनीच्या मालकाखेरीज या जुन्या पट्ट्याच्या हक्कदाराचाही ‘ना हरकत’ दाखला घ्यावा लागतो काय, हा तंटा त्यातूनच उद्भवला. बांधाच्या दुरुस्तीसाठी दिलेला हक्क बांध नाहीसे झाल्यावरही जिवंत राहिला आणि त्याचा भार घराच्या किमतीवर पडला. स्वस्त घरांचा विचार करणाऱ्याने हा धागा विसरता कामा नये. जमिनीचा हक्क जितका संदिग्ध, तितके तीवरील घर महाग.

कूळ मालक झाले

आपल्या ज्ञातीच्या अलीकडील इतिहासात चरीच्या संपाचे स्थान फार मोठे आहे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांची जमीन कसावयाचे नाकारले. लाकडे विकली, उपास काढले, परंतु नांगर धरला नाही. कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांची वाट त्या संपाने मोकळी केली. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. त्याच १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदाही झाला, आणि त्याची जागा पुढे १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने घेतली.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे कूळ मालक झाले. हा विजय लहान नव्हता. परंतु खेदाने म्हणावे लागते की, मालकी हाती आली ती नेमकी मुंबई आपल्या वेशीशी येऊन ठेपली त्या वेळी. शेताचा भाव भातावरून न ठरता चौरस फुटावरून ठरू लागला. बांधाकडे पाहणारे हात मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत गेले. ज्या ठिकाणी बांध फुटले ते फुटलेलेच राहिले. भरतीचे पाणी आत आले आणि भाताच्या जागी तिवरे वाढली. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस व त्यांवरील बांधकामास मनाई केली. समुद्राच्या व पुराच्या दृष्टीने ही मनाई योग्यच होय. परंतु ज्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि प्रत्यक्षात कांदळवन आहे, त्याच्या हाती ना पीक राहिले ना घरासाठी जागा. बांध फुटू देण्यात आपलाही हलगर्जीपणा होता, हे मान्य केले पाहिजे.

मुंबईचा निवारा आणि आपली वेस

आता थोडे मुंबईकडे वळू; कारण आपल्या शहराची वाढ आपल्या गरजेने झाली नाही, ती मुंबईच्या टंचाईने झाली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्याच त्या बी.डी.डी. चाळी होत. लहान खोल्या, सामाईक संडास, असे त्यांचे रूप होते. टीकाही पुष्कळ झाली. तरीही कामगाराने कामाजवळ राहावे यासाठी सरकारने काहीतरी बांधावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना आधार दिला, परंतु भाडी गोठल्यामुळे भाड्याची नवी घरे बांधण्यात कोणास स्वारस्य उरले नाही. पागडीची प्रथा बोकाळली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. त्यांत आपल्याही कित्येक घरांतील कर्ती माणसे होती. संप औपचारिकपणे मिटलाच नाही. गिरण्या मात्र मिटल्या. मग त्यांच्या जमिनींचे काय करावयाचे, हा वाद उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमाने असे ठरले की, गिरणीची जमीन विकसित होताना एक हिस्सा महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा गृहनिर्माण मंडळास आणि एक हिस्सा मालकास मिळावा. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ रिकाम्या असलेल्या भागापुरती उरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००६ च्या मार्चमध्ये न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला. एका नियमातील थोड्या शब्दांच्या फरकाने कामगारांच्या घरांची केवढी जागा गेली, हे त्यावरून समजून येईल.

ज्यांना तेथे घर मिळाले नाही ते उपनगरी गाडीने उत्तरेकडे सरकले. बोरिवली भरली, दहिसर भरले आणि मग खाडीच्या अलीकडील आपली गावे आली.

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत

१९८५ च्या १२ जूनला पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. पुढे १९९० साली आणखी गावे तीत समाविष्ट झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. लोकसंख्या १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ साली ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली सुमारे ८ लाख ९ हजार. म्हणजे एका दशकात वस्ती जवळजवळ तिप्पट झाली. ७९ चौरस किलोमीटरच्या या शहरात राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, मीठागरे, खाडी आणि कांदळवन वजा केले, तर बांधण्यास उरणारी जमीन किती थोडी आहे हे वेगळे सांगावयास नको.

या वाढीची दोन रूपे होती. मीरा रोडच्या बाजूस मोठाल्या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईतील कारकून, शिक्षक, लहान दुकानदार यांनी तेथे एक खोली-स्वयंपाकघराचे घर कर्ज काढून घेतले. मुंबईच्या मानाने ते स्वस्त, आणि म्हणूनच त्यांच्या आवाक्यातले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर भयभीत झालेली अनेक मुसलमान कुटुंबेही येथे आश्रयास आली. दुसरे रूप भाईंदर पूर्वेचे. तेथे पोलादी भांड्यांचे लहानमोठे कारखाने निघाले. पत्रा कापणारे, भांडे दाबणारे, घासून चकचकीत करणारे हजारो मजूर उत्तर प्रदेश, राजस्थान आणि बिहारातून आले. त्यांच्यासाठी घर कोणी बांधले? सरकारने नाही, नगरपरिषदेनेही नाही. कोठे मीठागराच्या कडेला, कोठे आदिवासींच्या जमिनीशेजारी, कोठे डोंगराच्या पायथ्याशी चाळी आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

येथे आपल्याच घरात डोकावून पाहणे प्राप्त आहे. त्या चाळींपैकी कित्येक आपल्या ज्ञातिबांधवांनीच बांधल्या. शेत गेल्यावर पोटासाठी दहा बाय दहाच्या खोल्या काढून भाड्याने देणे हा काही गुन्हा नव्हे. शहरातील मजुराला त्या काळी जो निवारा मिळाला तो बहुतांशी आपल्याच अंगणात मिळाला, हेही श्रेय नाकारता येणार नाही. परंतु खोलीला वारा नाही, संडासाला दार नाही, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी, अशी स्थिती असता भाडे मात्र न चुकता घेतले गेले. सभागृहात आपली माणसे निवडून गेली तेव्हा या मजुरांच्या घराचा प्रश्न त्यांनी किती वेळा उपस्थित केला, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आराखडा मागाहून आला

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. तो १९६७ च्या जानेवारीपासून अमलात आहे. जमिनीचे विभाग पाडावेत, रस्ते, शाळा, दवाखाने, मैदाने यांसाठी जागा राखून ठेवाव्यात, लोकांच्या हरकती ऐकाव्यात आणि मग आराखडा मंजूर करावा, असा त्याचा क्रम. आपल्या शहराचा आराखडा १४ मे १९९७ रोजी मंजूर झाला. म्हणजे नगरपरिषद स्थापन झाल्यानंतर बारा वर्षांनी. तोपर्यंत निम्मे शहर उभे राहिले होते. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर बांधलेल्या इमारती, चाळी, कारखाने हे सर्व आधी, आणि नकाशा मागाहून. त्यामुळे नकाशावर शाळेचा चौकोन जेथे आहे तेथे जमिनीवर चाळ असते, आणि रस्त्याची रेघ एखाद्याच्या ओटीवरून जाते.

आरक्षणाची दुसरी अडचण कायद्यातच आहे. राखून ठेवलेली जमीन आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक १२७ व्या कलमाखाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण गळून पडते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे, आणि ती रास्त आहे. परंतु पैशाने दुबळी नगरपालिका मुदतीत जमीन घेऊ शकत नाही आणि सार्वजनिक जागा निसटते. मैदान जाते तेव्हा लोक ओरड करतात. मजुरांच्या घराची जागा जाते तेव्हा ओरडणारा कोणी नसतो, कारण ती जागा मुळात नकाशावर दाखविलेलीच नसते.

स्वस्त घरांचे चार प्रयोग

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार प्रयत्नांचा येथे निर्देश करतो.

पहिला, १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा. मोठ्या मालकांकडील जादा जमीन घेऊन तीवर गरिबांसाठी घरे बांधावीत हा हेतू. व्यवहारात मात्र सवलतीच्या योजनांतून लहान सदनिका बांधावयाच्या आणि त्यांतील काही सरकारास द्यावयाच्या, एवढाच मार्ग बहुधा चालला. २००७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला.

दुसरा, केंद्र सरकारच्या २००५ च्या नागरी पुनरुत्थान अभियानातील शहरी गरिबांसाठीची योजना. आपल्या शहरात काशी-चर्च आणि जनतानगर येथील झोपडपट्टीवासीयांसाठी तिच्यातून चार हजारांहून अधिक घरे योजिली गेली. जुन्या झोपड्या पाडल्या, काही कुटुंबे संक्रमण शिबिरात गेली, आणि मग वर्षांमागून वर्षे लोटली. पक्के घर मिळेपर्यंत मुले मोठी झाली, कित्येक वृद्ध मरण पावले.

तिसरा, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २००८ ची भाडेतत्त्वावरील घरांची योजना. हिच्यातील कल्पना मूलतः उत्तम होती. नवा मजूर शहरात येतो तेव्हा त्यास विकत घर नको असते. अल्प भाड्याची स्वच्छ खोली हवी असते. खाजगी विकासकास चार पट चटईक्षेत्र द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यात १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून घ्यावयाच्या, असे ठरले. परंतु एवढी दाट वस्ती एका ठिकाणी आली की तिच्यासाठी पाणी, गटार, शाळा कोणी पुरवावी, याचे उत्तर योजनेत नव्हते. स्थानिक संस्थांनी कुरकूर केली, आणि थोड्याच वर्षांत योजनेचे स्वरूप बदलून भाड्याऐवजी विक्रीची घरे आली. आपल्या शहरातील अशा खोल्यांत पुढे धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेल्या कुटुंबांना ठेवण्यात आले. तीही गरजच होती, परंतु मूळ उद्देश बाजूस पडला.

चौथा प्रयत्न सर्वांत विचार करण्याजोगा आहे. २०१३ साली राज्य सरकारने असा नियम केला की, चार हजार चौरस मीटर अथवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्याने वीस टक्के भाग अल्प उत्पन्न गटाच्या लहान घरांसाठी ठेवावा. नियम चांगला. परंतु तो दहा लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांना लागू केला गेला. आपल्या शहराची २०११ ची गणती आठ लाख नऊ हजार! २०२१ ची जनगणना झालीच नाही. शहर प्रत्यक्षात दहा लाखांच्या पलीकडे गेले असावे असा सर्वसाधारण अदमास आहे. परंतु नियमाला अदमास चालत नाही, गणती लागते. म्हणून ज्या काळात येथे टोलेजंग इमारती उठत होत्या, त्याच काळात लहान घरांचे हे बंधन आपल्या वेशीबाहेर उभे राहिले. एका आकड्याने केवढे अंतर पाडले!

२०२२ चा आराखडा

आता ताज्या वादाकडे येऊ. महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. म्हणजे वीस वर्षांचे भवितव्य ठरविणारा नकाशा लोकांपुढे आला तेव्हा त्यावर चर्चा करावयास लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. हरकतींचा पाऊस पडला. कोणाचे राहते घर रस्त्यात गेले, कोणाचे आरक्षणात. गावठाणाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली घरे नकाशावर दिसेनात. गावठाणाची हद्द जुन्या मोजणीची, आणि कुटुंबे मात्र चौपट झालेली. मुलाच्या लग्नानंतर बाजूस काढलेली खोली कायद्याच्या दृष्टीने ‘अनधिकृत’ ठरते. २०१७ साली महसूल संहितेत दुरुस्ती होऊन गावठाणालगतच्या दोनशे मीटरमधील जमिनीस बिनशेतीची सुलभ वाट मिळाली. परंतु तिचा लाभ नकाशाशी आणि विकास नियमांशी सुसंगत असेल तरच.

याच सुमारास राई, मुर्धे आणि मोर्वा या गावांच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड उभारण्याचा बेत होता. गावे एक झाली, निदर्शने झाली, आणि शेवटी ती जागा बदलून डोंगरीकडे नेण्याचा निर्णय झाला. तेथे आता झाडांचा प्रश्न उभा राहिला. उत्तन-गोराई पट्ट्यातील कोळी आणि ख्रिस्ती बांधवांनी तर पर्यटन क्षेत्राच्या योजनांविरुद्ध पुष्कळ वर्षे लढा दिला आहे. पलीकडे वसईत १९९० च्या आगेमागे हरित पट्टा वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने झालेली चळवळ सर्वश्रुत आहे.

नवी मुंबईचा दाखला येथे फार उपयोगी पडतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोसाठी ९५ गावांची जमीन सरकारने घेतली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपले बांधव उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पाच जणांनी हौतात्म्य पत्करले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले. आपल्या शहरात असे काही घडले नाही. कारण येथे जमीन सरकारने घेतली नाही. ती एकेका खरेदीखताने, एकेका अंगठ्याने गेली. ज्याच्यापाशी मागावयाचे असा एकही प्रतिपक्षी उरला नाही. म्हणून येथे भूमिपुत्राच्या घराची मागणी मोर्चाने पुरी होणार नाही. ती नकाशातच लिहून घ्यावी लागेल.

दूरदेशीचे दोन दाखले

परदेशातही हा वाद जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने श्रीमंतांच्या घरांवर कर बसवून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे कामगारांसाठी बांधली आणि ती भाड्याने दिली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाच्या गावाने क्षेत्रविभागणीचे नियम असे केले होते की, मोठ्या भूखंडाखेरीज घरच बांधता येऊ नये. म्हणजे गरीब आपोआप बाहेर. १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नगरपालिकेस असे करता येणार नाही. प्रत्येक गावाने आपल्या प्रदेशातील अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या निवाऱ्याचा रास्त वाटा उचललाच पाहिजे. नकाशावरील रंग निष्पाप दिसतो. परंतु कोण आत राहील आणि कोण बाहेर, हे तोच ठरवितो. ही गोष्ट त्या न्यायालयाने ओळखली.

आपले कर्तव्य

आता प्रश्न राहिला आपल्या ज्ञातीचा. आपल्यात एक विचार हल्ली वारंवार ऐकू येतो की, बाहेरून आलेल्यांनी गाव व्यापले, तेव्हा त्यांच्या घरांशी आपणास काय कर्तव्य? त्यामागील दुःख खोटे नाही. ज्याच्या आजोबांनी बांध घातला त्याच्या नातवाला त्याच गावात घर घेणे परवडू नये, यापरता दैवदुर्विलास कोणता? परंतु शांतपणे पाहिले तर त्या नातवाची आणि भांड्यांच्या कारखान्यातील मजुराची गरज एकच आहे. दोघांनाही लहान, स्वच्छ, कामाजवळचे आणि पगारात बसणारे घर पाहिजे. दोघांपैकी कोणासही ते बाजारात मिळत नाही. एकाला ‘भूमिपुत्र’ आणि दुसऱ्याला ‘उपरा’ म्हणून वेगळे केले की, दोघांचीही मागणी दुबळी होते. आणि ज्यांना मोठ्या घरांतच नफा आहे त्यांचे काम सोपे होते.

यास्तव ज्ञातिबांधवांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. प्रत्येक गावातील सुशिक्षित तरुणांनी विकास आराखड्याचा आपल्या गावचा नकाशा मिळवून तो सातबाऱ्याशी आणि प्रत्यक्ष घरांशी ताडून पाहावा. हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी, कारण सभेतील भाषण दप्तरी दाखल होत नाही. गावठाणाची हद्द प्रत्यक्ष वस्तीप्रमाणे वाढवून मागावी. जुन्या इमारतींच्या व वस्त्यांच्या पुनर्विकासाच्या ज्या समूह योजना येत आहेत, त्यांत भाडेकरूंची आणि चाळीतील खोलीदारांची नावे मालकाच्या नावाबरोबर नोंदली जावीत, असा आग्रह आपण स्वतः चाळमालक असलो तरी धरावा. कामगारांच्या आणि स्थानिक तरुणांच्या लहान घरांसाठी नकाशावर जागा स्पष्टपणे राखून ठेवावी, आणि दहा लाखांच्या अटीचा अडसर दूर व्हावा, ही मागणी आपल्या ज्ञातीच्या नावाने जावी. कांदळवनाला हात न लावता उरलेले बांध दुरुस्त व्हावेत, हेही पाहावे. ते फुटले तर जुनी शेते आणि नव्या सोसायट्या दोन्ही एकाच पाण्याखाली जातील.

यांपैकी काही गोष्टींसाठी आपल्यालाच थोडे सोडावे लागेल, हे लपविण्यात अर्थ नाही. वाढीव चटईक्षेत्रातला वाटा, चाळीचे भाडे, आणि ‘गाव आमचे’ म्हणण्याचा एकटेपणाचा अभिमान. परंतु आपल्या वाडवडिलांनी खांड पडल्यावर शेजाऱ्याची जात विचारली नाही, त्याचे शेत किती गुंठ्यांचे हेही विचारले नाही. टोपली उचलली आणि बांधावर गेले. तोच जोळ आता नकाशावर घालावयाचा आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या गावागावांतून किती हरकती दाखल झाल्या आणि त्यांतील किती मान्य झाल्या, याचा हिशेब कोणीतरी लिहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.